पाण्याच्या डब्याचा फोटो

पोट्टेहो, बिड्या विझवा अन् ऐका. तुमचा ट्रक काही सकाळशिवाय वाडीतून निघत नाही.

माझा चुलतभाऊ विश्वनाथ एका दवाखान्यात डोक्याचे फोटो काढायच्या मशीनवर होता. सीटी स्कॅन म्हणतात त्याले. सत्त्याऐंशी सालची गोष्ट. तिथले डॉक्टर एक तपासणी करून राहिले होते. ज्याचं मन पार बसलं, जो हसत नाही, जेवत नाही, त्याच्या मेंदूत काही खूण सापडते का, ते पाहायचं होतं त्यायले.

त्यासाठी इतवारीतला रुपराव बायकोले घेऊन आला. गोपिका नाव. वर्षभरापासून भिंतीकडं तोंड करून पडून राहे. सासू इंदूबाई संगच होती. ती म्हणे, सगळे नखरे हायेत.

टेबलावर झोपता झोपता गोपिका बोलली, "भाऊ, फोटोत काही निघू द्या. म्हणजे घरच्यायले खरं वाटन."

आता सांगा, असं कोणी मागते का?

काही निघालं नाही. अन् आमचा शहाणा विश्वनाथ डॉक्टरच्या आधीच बाहेर येऊन हसत बोलला, "पेढे वाटा रुपरावजी, वहिनीले काहीच नाही!" चांगल्या मनानं बोलला गा तो.

"पाह्य, मी सांगत नव्हती?" इंदूबाई म्हणे.

गोपिका गुपचूप रिक्षात जाऊन बसली. आठ दिवसांत गेली बिचारी. कशानं, ते विचारू नका. मले अजून वाईट वाटते.

त्यानंतरचा शनिवार. डिसेंबरची थंडी, रात्रीचे नऊ. पेशंट गेले होते. मशीन बरोबर आहे का पाहायले दर शनिवारी पाण्यानं भरलेला एक बंद डबा टेबलावर ठेवत अन् त्याचा फोटो काढत. पाण्याचा फोटो म्हणजे एकसारखा करडा गोल, दुसरं काही नाही. विश्वनाथनं डबा ठेवला, दार लावलं, काचेच्या अल्याड येऊन बटण दाबलं.

पडद्यावर गोल आला. त्याले पांढरी कड... हाडाची.

तो उठला. काचेतून पाह्यलं. टेबल. डबा. बस.

दुसरा फोटो. मेंदू.

तिसरा. मधात काळा डाग...

पेशंटशी बोलायच्या आतल्या माइकमधून श्वास ऐकू आला. हळू. मग...

"भाऊ... निघालं का?"

तोच आवाज.

विश्वनाथ आपल्या माइकपाशी वाकून बोलला, "निघालं... बाई."

श्वास थांबला.

मुंबईहून इंजिनिअर आला. मशीन ठीक, डबा ठीक. त्या रात्रीच्या फोटोची फिल्म मात्र हातात होती. विश्वनाथ ती घेऊन इतवारीत गेला अन् सगळं सांगितलं. रुपरावनं फिल्म बल्बासमोर धरली. इंदूबाई लय वेळ पाहत राहिली. मग पदरानं डोळे पुसत म्हणे, "एवढं होतं, त पोरीनं सांगितलं काहून नाही?"



फिल्म अजून रुपरावच्या खिडकीले लावून आहे. मी पाह्यली. सकाळचं ऊन आलं की डाग दिसते.