इनडिफरंट

चष्म्याचा स्क्रू पहिल्यांदा निसटला तो खरोखर आपणहून. पुढच्या प्रत्येक वेळी तिने तो नखाने सैल केला होता, आणि चष्मेवाल्याला ते पक्कं ठाऊक होतं.

"तुमचा स्क्रू परत ढिला?" तो मान वर न करता विचारायचा.

"माझा नाही, चष्म्याचा!"

दूरच्या शहरातल्या नोकरीच्या परीक्षेसाठी ती इंग्रजीतले जडजड शब्द पाठ करत होती. ऐकून ऐकून त्यालाही नाद लागला. काउंटरवर कोपर टेकून ती शिकवायची आणि काच पुसता पुसता तो… खरं तर तिच्याकडेच बघत राहायचा. बाहेर भुरभुर सुरू झाली की धडा हमखास लांबायचा.

"सोपं आहे हो. आधी 'इन' लागलं की अर्थ उलटा. करेक्ट–इनकरेक्ट, व्हिजिबल–इनव्हिजिबल."

"समजलं, मास्तरीणबाई!"

ती परीक्षा पास झाली, नोकरीही मिळाली. येते की नाही ते आज संध्याकाळी कळवायचं होतं. आई म्हणत होती, जा. तिचा जीव मात्र या छोट्याशा दुकानात अडकला होता. त्याने एकदा तरी काही बोलावं, एवढंच तिला हवं होतं.

आणि तो बोलला. दुरुस्त केलेला चष्मा तिच्या नाकावर हळूच बसवत, काडीत अडकलेली बट सोडवत, लाजून लाल होत—

"आय अ‍ॅम… इनडिफरंट टू यू."

ती मागे सरकली. म्हणजे तुमच्याशी मला काही देणंघेणं नाही! मग इतके दिवस काय नुसता टाइमपास? डोळे भरून आले तशी ती दाराकडे वळली.

"अहो, थांबा ना! चुकलं का काही? डिफरंट म्हणजे वेगळा… त्याला 'इन' लावलं. मी आता तुमच्यापासून वेगळा नाही, असं म्हणायचं होतं मला."

ती उंबऱ्यातच थांबली. नियम तिचाच होता. रडता रडता तिला हसू फुटलं, आणि तो तिला इतका आवडला, इतका आवडला, की पाठ केलेला एकही शब्द कामाला येईना. शेवटी एक सापडला.

"यू आर इनव्हॅल्युएबल."

त्याचा चेहरा पडला. "म्हणजे… कवडीमोल?"

"अनमोल! इथे तो नियम चालत नाही."

तो हसला, मग त्याने पेचकस उचलला. "जाणार मग?"

"जाणार."

तो तो बोटांत फिरवत राहिला. "तिथेही लोकांचे स्क्रू ढिले होत असतीलच ना?"

"एकीचा तर नक्की," ती म्हणाली.