पाचवा जोड

सराव संपला होता. अग्निशमन केंद्राच्या मागच्या अंगणात नव्यानं भरती झालेली पोरं धुतलेली ताडपत्री दोरीवर टाकत होती. रबरी चपला तशाच रांगेत पडल्या होत्या.

"काका, एक विचारू?" त्यांच्यातला उंच, तोंडाळ मुलगा म्हणाला. "विषारी जागेत आत जाणारे दोघं. त्यांच्या मदतीला पोशाख चढवून बाहेर तयार उभे दोघं. माणसं चार. मग चपलांचे जोड पाच कशाला मांडायचे?"

"पाचवा साहेबांच्या मेव्हण्याचा," दुसरा म्हणाला. "नोकरीला लावलाय, कामावर कधी दिसत नाही."

सगळे हसले. म्हातारा ड्रायव्हर हसला नाही. निवृत्त होऊन त्याला बरीच वर्षं झाली होती, पण घरी डोळ्याला डोळा लागत नाही म्हणून रात्री इथे येऊन बसायचा. त्यानं चहा संपवला आणि कप बाजूला सारला.

"बसा. तो एक दिवा राहू दे, बाकीचे घालवा. ही गोष्ट आमच्या तेव्हाच्या प्रमुखांची आहे. घडलेली आहे. पटली तर घ्या, नाहीतर इथेच ठेवून झोपायला जा."

कोणी उठलं नाही. त्यानं सांगितलं ते असं.

त्या प्रमुखांना माघारी सगळे पाणीवाले म्हणायचे. ॲसिड सांडलेलं असो की वायू सुटलेला असो, गाडीतून उतरल्यावर त्यांचा पहिला प्रश्न एकच, "पाणी लागलं का?" वारा पाठीवर घेऊन गाडी लांब उभी करायची. चुन्याची रेघ ओढायची. रेघेच्या आत विष, बाहेर आपण. रेघेला लागून ताडपत्री अंथरायची, तिच्यावर फवारा उभा करायचा. त्यातून धार पडलेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते एकाही माणसाला आत सोडत नसत. आतून कोणी टाहो फोडत असलं तरी नाही. कारण बाहेर येणारा माणूस डोक्यापासून पायापर्यंत धुतल्याखेरीज कोणी त्याला शिवायचं नसतं. अंगावरचं विष त्याला खातं, आणि त्याला धरणाऱ्यालाही खातं. धुवून झालं की पोशाख उतरवायचा, आणि ताडपत्रीच्या बाहेर मांडलेल्या चपलांत पाय घालायचा. चपलांच्या पट्ट्यांवर केंद्राची खूण म्हणून पांढरा पट्टा रंगवलेला असे.

"पाणीवाल्यांनी लग्नातही आधी पाणी कुठंय विचारलं असेल, मग नवरी," अशी जवान थट्टा करायचे. तोंडावर कोणी करत नसे. कारण एकदा पाणी नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

रंगाच्या कारखान्यात ॲसिडचा नळ फुटला होता. आतून पहारेकऱ्याच्या हाका येत होत्या. पाण्याची गाडी मागे गर्दीत अडकली होती. आत्ता येईल, असं प्रमुखांना वाटलं, आणि त्यांनी जोडीला आत सोडलं. जोडीतला एक त्यांचा मुलगा होता.

पहारेकरी तोवर मागच्या खिडकीतून निसटला होता. आत कोणीच नव्हतं. जोडी परत फिरली तेव्हा मुलाचा पोशाख काखेत फाटलेला होता. तो रेघेपर्यंत चालत आला आणि शिकवल्याप्रमाणे थांबला. ड्यूटीवर तो वडिलांना साहेबच म्हणायचा.

"साहेब, पाणी?"

"येतंय. तिथेच थांब."

"थांबतो."

गाडी येत नव्हती. भोंगा ऐकू येत होता, गाडी दिसत नव्हती.

"बाबा, येऊ का?"

"थांब, बाळा."

तो थांबला. वडिलांनी हात पुढे केला नाही. पाणी आलं तेव्हा मुलगा गुडघ्यांवर बसला होता, पण रेघेच्या आत. उजाडायच्या आधी दवाखान्यात त्यानं प्राण सोडला.

"हात धरून ओढायचं होतंत," बायको म्हणाली.

"तसं करता येत नाही."

"परक्याला येत नसेल. तुम्ही बाप होतात ना?"

त्यानंतर त्या घरात कामापुरतं बोलणं उरलं. दूध आलं. दिवा घालवा. मी जेवले. आणि तेव्हापासून पाणीवाले प्रत्येक ठिकाणी चपलांचा एक जोड जास्त मांडू लागले. "असू द्या एखादा," म्हणायचे. कोणी कारण विचारलं नाही.

मग तीन वर्षांनी ती रात्र आली. जानेवारीतला दुसरा शनिवार, बाराला वीस कमी. बायको अंथरुणातून म्हणाली, "डोळ्यांचं औषध संपलंय. आग होतेय." रात्रभर उघडं असणारं औषधाचं दुकान केंद्राच्या समोरच होतं. पाणीवाले चालत गेले, बाटली घेतली, खिशात टाकली. आलोच आहोत तर पोरं जागी आहेत का बघू, म्हणून केंद्रात डोकावले, आणि फोन वाजला. बर्फाच्या कारखान्यात अमोनिया गळत होता.

त्या रात्री कशातही चूक झाली नाही. वाऱ्याच्या वाटेतल्या घरांतली माणसं ओली फडकी तोंडाला लावून आडव्या रस्त्यानं बाहेर काढली. रेघ ओढली. पाणी लागलं, धार पाहिली. चपला मांडल्या, पाच जोड. मग जोडी आत गेली, झडप बंद करून आली. दोघे धुतले गेले. बाहेर तयार असलेले दोघेही रेघेपाशी जाऊन आले होते, तेही धुतले गेले. चौघांनी पोशाख उतरवले, चपला घातल्या, आणि कुडकुडत गाडीआड गेले.

पंपावर एक तरुण ड्रायव्हर होता. त्याचं सोडा. त्यानं पाणी बंद करायला हात घातला.

"राहू दे," पाणीवाले म्हणाले.

"दादा, चौघे झाले."

"अजून एक यायचाय."

ड्रायव्हरनं गाडीआड पाहिलं. चौघे तिथेच होते. त्यानं रेघेकडे पाहिलं. रेघेपलीकडे पांढरा धूर जमिनीलगत रेंगाळत होता. बाकी काही नव्हतं.

"किती वेळ उभा आहेस?" पाणीवाले म्हणाले. हे ड्रायव्हरला उद्देशून नव्हतं.

...

"साहेब नको म्हणूस."

...

"हो. आज आहे. ये."

धार ताडपत्रीवर सरळ पडत होती. आवाज येत होता.

मग आवाज बदलला.

धार वरच अडली. माणसाच्या उंचीवर. दोन बाजूंना फाकली. खाली नुसतं ठिबकू लागलं... ड्रायव्हरचा हात पंपावर होता. तो हलेना.

"हात वर कर... वळ... डोळे मीट."

पाणीवाले रडत नव्हते. लहान पोराला आंघोळ घालताना माणूस बोलतो, तसं बोलत होते. "काखेत जाऊ दे पाणी," म्हणाले. "झोंबेल जरा." त्यांनी फवारा वाकवून तिथे धरला. धरून ठेवला.



बराच वेळ...

"झालं," म्हणाले. "आता ये."

धार पुन्हा सरळ पडू लागली.

"कर बंद."

सामान गोळा करताना चपलांचे जोड चारच भरले, चौघांच्या पायांतले. ड्रायव्हरनं गाडीखाली बॅटरी मारली, गटारात पाहिलं, ताडपत्री झटकली.

"शोधू नकोस," पाणीवाले म्हणाले. "मला घरी सोड."

झुंजुमुंजू झालं होतं. घराचं दार उघडंच होतं आणि बाई दारात उभी होती. पाणीवाल्यांनी खिशातून बाटली काढून तिच्या हातात दिली. तिनं ती पाहिलीसुद्धा नाही.

"मघाशीच आलात ना? मग आत का नाही आलात?" ती म्हणाली. "चपला वाजल्या पायरीवर. किती वेळ वाट बघितली मी."

पाणीवाल्यांनी आपल्या पायांकडे पाहिलं. पायांत बूट होते.

बाई खाली बघत होती. मग तेही बघू लागले. मागे उभा असलेला ड्रायव्हरही.



"आज पाणी होतं गं," शेवटी पाणीवाले म्हणाले. "आधीपासून होतं."

तिनं चौकट धरली. "गार होतं?"

"गारच."

"एवढ्या थंडीत..." ती म्हणाली, आणि टॉवेल आणायला आत वळली.

अंगण कोरडं होतं. फाटकापासून पायरीपर्यंत धूळ होती, तिच्यावर एकही पाऊल नव्हतं. पायरीवर रबरी चपलांचा एक जोड होता, पट्ट्यांवर पांढरा पट्टा असलेला. शेजारी शेजारी नीट काढून ठेवलेला, बोटं घराकडे. त्याच्याखाली पाणी होतं, आणि ते अजून पसरत होतं.