भासऱ्यांचं पान

पटलं नाही तर सोडून द्या. पण मनाने रचलेली गोष्ट नाही ही. माझ्याच घरधन्यावर बेतलेली आहे.

१९८८ साल. नागपूर, इतवारी. पितरपाखातली अष्टमी.

आमचं घर विणकरांचं. माझे हे, ईश्वरदास, दिवसभर हातमागावर बसत. त्या पावसाळ्यात यांच्या छातीत कळा सुरू झाल्या. जिना चढले की घामाघूम.

मला तर धडकीच भरली. कारण यांचे थोरले भाऊ, माझे भासरे कवडूजी, अशीच छाती धरून मागावर बसल्याबसल्याच वारले होते.

डॉक्टरांनी एक नवीन तपासणी सांगितली. सायकलसारख्या यंत्रावर पायडल मारायचे. चांगला दम लागला की शिरेत किरणांचं औषध टोचायचं, मग मोठा कॅमेरा हृदयाचा फोटो काढणार. चार तासांनी पुन्हा फोटो. पहिल्यात दिसलेली खाच दुसऱ्यात भरली, तर तेवढं हृदय जिवंत.

नाही भरली तर... तेवढं मेलेलं.

तारीख मिळाली ती नेमकी भासऱ्यांच्या तिथीची.

त्या दिवशी आधी छपरावर त्यांचं पान ठेवायचं. कावळा शिवला की मगच घरचे जेवणार. माझ्या सासूबाई, प्रयागबाई, भडकल्याच.

"कवड्याले उपाशी ठेवून चालला का गा?"

"माय, दुपारी येतोच ना मी. दादा माह्यावर कधी रागावला का?" हे हसत म्हणाले.

दवाखान्यात यांना यंत्रावर बसवलं. मी दाराशी उभी. औषध टोचलं. थोड्या वेळाने डॉक्टर म्हणाले, "बस, थांबा."

यांनी पाय थांबवले. पायडल थांबले.

आवाज थांबला नाही.

खट्... खट्... खट्...

तो सायकलचा नव्हताच. मागाचा होता. सूत घेऊन धोटा इकडून तिकडे जातो ना, तो. लग्न झाल्यापासून ऐकत आले मी, मला कोणी शिकवू नये!

यंत्र चालवणारे मधुकरराव बटण बंद करायला धावले.

बटण बंदच होतं.

मग पहिला फोटो. काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके जमत गेले, बांगडीसारखं गोल झालं. खालचा तुकडा मात्र उडालेला. ती फुटकी बांगडी पाहून मी हातातल्या बांगड्या घट्ट धरल्या.

चार तास बाहेरच्या बाकावर काढायचे होते, तेही उपाशी. व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. पण यांच्या डाव्या बाजूला... कोणी बसेना. एक म्हातारी बिचारी ताटकळत होती. मी म्हटलं, "बसा ना बाई इथं."

ती माझ्याकडे पाहतच राहिली.

"त्या भाऊच्या मांडीवर बसू का वं?"

जागा रिकामी होती. मी हात फिरवून पाहिला. फरशीसारखी गार.

"गोपिका," हे हळूच म्हणाले, "छातीवर काहीतरी गार गार वाटून राहिलं. दुखणं गेलं, पण."

दुसऱ्या फोटोला हे आत एकटेच. मी काचेच्या अलीकडे, मधुकररावांच्या शेजारी. ठिपके जमू लागले. बांगडी झाली. खाच भरू लागली. मी देवाचं नाव घेतलं.

आणि मधुकररावांचा चेहरा उतरला.

खाच भरली होती... चार बोटांनी.

एकाला एक लागून चार पांढरे पट्टे.

"आत कोण गेलं?" ते ओरडले.

कोणीच नाही. त्यांनी पुन्हा फोटो काढला. पुन्हा तेच.

डॉक्टर म्हणाले, "यंत्रात काही बिघाड असेल. पण खाच भरली आहे. ऑपरेशनची गरज नाही, गोळ्यांवर भागेल."

मी तिथेच रडले. आनंदानेच रडले, खोटं कशाला सांगू?

दुपारी घरी आलो. सासूबाईंनी वडे, कढी, खीर असं पान तयारच ठेवलं होतं. ते छपरावर ठेवून यांनी हात जोडले.

"ये दादा. जेव."

कावळा लगेच आला. कधी नव्हे इतक्या लगेच. त्याने वड्याला चोच लावली...

आणि हे छाती धरून खाली बसले.

ओठ निळे पडले. श्वास नाही.

मला एकदम समजलं. कोणाच्या छातीवर हात धरून बसलेला माणूस जेवायला लागला, तर तो हात काढणारच ना!

मी पान ओढलं. कढी अंगावर सांडली. कावळा उडाला.

यांनी मोठ्ठा श्वास घेतला.

सासूबाई सगळं पाहत होत्या. एक लेक उपाशी, एक लेक पायाशी. मला वाटलं, आता शिव्याशाप देतील.

"उचल वं ते पान," त्या एवढंच म्हणाल्या. "पुन्हा ठेवू नको."

मरेपर्यंत त्या तिथीला त्या स्वतः जेवल्या नाहीत.

हे आजही आहेत. पहाटे उठून चहा स्वतः करून घेतात. डॉक्टर म्हणतात, या वयात असं हृदय नवलच.

आज अष्टमी. पान वाढलेलं नाही. हे इथे माझ्याजवळच बसलेत.

सकाळपासून स्वयंपाकघरात कोणीतरी एकेक डबा उघडून पाहतंय... आणि तसाच झाकून ठेवतंय.

मला रडू येतं. पण मी उठत नाही.