हमदानं कालवा अडवला

अल्लाशप्पथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझी बकरी आटो. दात पडोत असंही म्हटलं असतं, पण ते आधीच गेले. कुणाला शंका असेल त्यानं कालव्याकाठच्या कंताऱ्याला जावं आणि तराफ्यावर विचारावं. तिथली पोरंसोरंही हेच सांगतील. माझ्याइतकं रंगवून नाही, एवढंच.

हमदा ही अल-अरीशच्या शेख स्वैलिमची एकुलती एक लेक. नाबलुसचा साबण उंटांवर लादायचा आणि वाळूतून सरळ कैरोला न्यायचा, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. आई गेल्यापासून हमदाही तांड्याबरोबर असायची. तिच्या ओढणीला, केसांना, अगदी तिच्या रागालासुद्धा साबणाचा वास यायचा.

आणि त्या वाटेच्या मधोमध हा कालवा खणला. उजव्या हाताच्या समुद्रातून बोट आत शिरायची आणि डाव्या हाताच्या समुद्रात बाहेर पडायची. जो चहा, जो कापूस पूर्वी आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्‌महिने हिंडायचा, तो आता आमच्या डोळ्यांदेखत दोन काठांमधून सुळकन निघून जायचा. जगाची वाट मोकळी झाली, आमची मात्र अडली. स्वैलिम त्याला कालवा म्हणायचाच नाही. ‘चर’ म्हणायचा.

चर ओलांडायचा तर तराफा. दोन्ही काठांना बांधलेली एक जाड साखळी, ती ओढत ओढत पलीकडे जायचं. ती ओढणारा होता मितवल्ली. नदीकाठच्या शेतकऱ्याचा पोर, रुंद खांद्यांचा, आणि हसला की एका गालाला खळी.

पहिल्याच खेपेला हमदाची उंटीण तराफ्यापाशी आली आणि बसकण मारून बसली. ओढलं, दामटलं, गोंजारलं... ढिम्म. मागे सगळा तांडा खोळंबला.

“तिला सवय नाही,” हमदा म्हणाली. “हलणाऱ्या जमिनीवर ती पाय ठेवत नाही.”

“आणि तू?”

“माझं काय?”

“नाही, आपलं विचारलं,” मितवल्ली म्हणाला. “एकदम दोघींची समजूत घालायची तर मला जरा वेळ लागेल.”

तिनं ओढणी नाकापर्यंत वर ओढली. हसू दिसू नये म्हणून. पण डोळ्यांचं काय करणार?

त्यानं काठावरची वाळू टोपलीत भरली आणि तराफ्याच्या फळ्यांवर पसरली, दाट, नीट. उंटिणीनं हुंगलं. पाय टेकला. मग दुसरा. वाळवंटातच उभी आहे अशा थाटात ती पाण्यावरून पलीकडे गेली. साखळी ओढता ओढता मितवल्ली हमदाकडे एकदाच बघून गेला... पण असा, की पलीकडे उतरल्यावरही तिला जमीन हलतेय असंच वाटत राहिलं.

मग तांडा येत राहिला, जात राहिला. बोट दिसली की साखळी तळाशी सोडायची आणि सगळ्यांनी काठावर बसून राहायचं, असा कायदा. बोटींना आधी वाट, उंटांना मागून. बाप बसल्या बसल्या बोटींच्या सात पिढ्या उद्धारायचा, आणि लेक मनातल्या मनात म्हणायची, अजून एक येऊ दे... अजून एकच. एकदा तिनं फुटलेल्या साबणाचा तुकडा त्याला दिला. पुढच्या खेपेला विचारलं, वापरलास का? तो म्हणाला, वापरला तर संपेल. एवढंच म्हणाला आणि साखळीकडे वळला. तिची दुपार तिथेच संपली.

शेवटी त्यानं धीर केला. स्वच्छ अंगरखा घालून तो तांड्याच्या तंबूत आला आणि शेखकडे हमदाचा हात मागितला. तिचे चुलते, मामा, सगळे कॉफी पीत बसले होते. वाळवंटातल्या शेखची लेक आणि नांगरामागचा पोर... कुणी कप खाली ठेवला, कुणी खोकलं. स्वैलिमनं मिशीला पीळ दिला आणि म्हणाला, तिलाच विचारू की.

सगळे वळून तिच्याकडे बघायला लागले. तिनं हो म्हणायचं ठरवलं होतं, अल्लाशप्पथ ठरवलं होतं. पण मामाच्या ओठांवरचं कुचकं हसू दिसलं, आणि जीभ भलतीकडेच वळली.

“साखळीला बांधलेला माणूस,” ती म्हणाली. “या काठावरून त्या काठाला, त्या काठावरून या काठाला. त्यापेक्षा विहिरीवरचा बैल बरा. तो निदान गोल तरी फिरतो.”

तंबू हसून हसून आडवा झाला. मितवल्लीनं मान खाली घातली, सलाम केला आणि गेला. तासाभरानं त्यानंच तांडा पलीकडे नेला. आणि तिच्या उंटिणीसाठी वाळू पसरली. हातानं सारखीसुद्धा केली.

त्यानं एखादी शिवी दिली असती तरी चाललं असतं तिला.

आख्खा हिवाळा ती शरमेनं जळत होती. भाकरी थापताना ते आठवायचं, आणि पीठ तसंच हातात राहायचं. पाण्यात स्वतःचं तोंड दिसलं की ती भांडं हलवायची. त्यात बापानं सांगितलं, नाबलुसचे व्यापारी आता साबण आगबोटीनं पाठवणार. एवढी खेप झाली की उंट विकायचे. म्हणजे कंतारा शेवटचा. आता बोलली नाही, तर तो माणूस जन्मभर तेच एक वाक्य उशाला घेऊन निजणार... आणि तीही.

आमच्या वाळवंटात एक रीत आहे. चारचौघांत कुणाचं तोंड काळं केलं असेल, तर चारचौघांतच ते उजळावं लागतं. उंच पांढरं निशाण लावायचं आणि त्याच्याखाली उभं राहून खणखणीत सांगायचं, हा माणूस चांगला, मी चुकले. कोपऱ्यात जाऊन पुटपुटलेलं धरत नाहीत.

कंताऱ्याला पोचल्या पोचल्या, सकाळच्या उन्हात, तिनं बापानं हात-तोंड धुवायला उतरवून ठेवलेलं ईदचं पांढरंशुभ्र पागोटं उचललं, तंबूच्या खांबाला बांधलं, खांब उंटिणीच्या खोगिराला, आणि तिला काठावर उभी केली. वारा सुटला. आठ हात पागोटं पाण्यावर फडफडायला लागलं.

नेमकी तेव्हाच एक बोट येत होती. बोटीवरच्या वाटाड्याला वाटलं, पुढे काहीतरी बुडालंय, थांबा म्हणतायत. त्यानं बोट थांबवली. तिच्यामागची थांबली. तिच्यामागचीही. पलीकडून येणाऱ्यांनी ह्यांना थांबलेलं बघितलं आणि त्याही थांबल्या. सात बोटी, बाई! दोन समुद्रांची रहदारी एका पागोट्यानं धरून ठेवली. कठड्यांवर माणसंच माणसं. एक मडम तर शिंप्याची टेप गळ्यात तशीच ठेवून, अर्धा शिवलेला झगा घालून बाहेर आली.

कालव्याच्या ठाण्यावरचा साहेब लालबुंद होऊन धावत आला. हे निशाण कुणाचं म्हणून ओरडायला लागला.

“माझं,” मितवल्ली म्हणाला. का, कशासाठी, त्याला काही ठाऊक नव्हतं. निशाणाखाली ती उभी होती, एवढं त्याला पुरलं.

“त्याचं नाही, माझं आहे,” हमदा पुढे आली. कानशिलं तापली होती. “बोटींसाठी नाही लावलं, साहेब. या माणसासाठी लावलंय. मागल्या खेपेला मी याला चारचौघांत बैलाहून हलका म्हटलं. मला हा आवडत होता, आणि मला त्याचीच लाज वाटली. आता... आता मला माझी लाज वाटते. हा माणूस चांगला आहे. मी चुकले.”

कुणीतरी कठड्यावरच्यांना ते आपल्या भाषेत सांगितलं. त्यांनी पुढच्या बोटीला सांगितलं.

“एवढ्यासाठी कालवा अडवलास?” मितवल्ली हळूच म्हणाला.

“चारचौघांत बोलले होते ना... हे जरा जास्त जमले, त्याला मी काय करू?”

तो साखळी उचलायला वळला. तिला वाटलं, संपलं.

“पुन्हा विचारशील का?” तिनं विचारलं.

“नाही. मी विचारलं ते एकदाच,” तो म्हणाला. “आता तू विचार.”

“इथे? एवढ्या लोकांत?”

“तंबूतही लोकच होते.”

तिनं डोळे मिटले आणि विचारलं. आवाज इतका बारीक, की त्यानं दुसऱ्यांदा विचारायला लावलं. आणि मग गालाला ती खळी पडली.

तेव्हा शेख स्वैलिम पोट धरून हसला. म्हणाला, इतकी वर्षं या चराला शिव्या घातल्या, एक होडी थांबली नाही; माझ्या पागोट्यानं सात थांबवल्या. घेऊन जा रे पोरीला.

असं झालं. बोटींबद्दल माझ्याशी वाद घालू नका, त्या सातच होत्या. मडमही खरी.

फक्त... बरं, सांगते. स्वैलिम हसला नव्हता. तो सगळ्यांकडे पाठ करून वाळूकडे बघत उभा राहिला. शेखची लेक, आणि तिनं आपण होऊन मागणी घातलेली, परक्या लोकांच्या बोटींसमोर. पण नाही म्हणाला नाही. पागोटंही परत मागितलं नाही. परतताना अल-अरीशच्या बाजारातून तो तसाच गेला, भर दुपारी, बोडक्या डोक्यानं, आणि बघणाऱ्याला बघू दिलं.

हसणं मी जोडलं. गोष्टीत तरी त्याला हसू दे, म्हटलं.