सरकती तारीख

"ही लायब्ररी लिहिणारा माणूस सापडला ना, तर त्याला इथे या बाकावर आणून बसवीन," शेजारचा तरुण लॅपटॉपकडे बघत पुटपुटला. "दिवसभर... चहाशिवाय."

ती दचकली. डायलिसिस विभागाबाहेरच्या त्या बाकावर ती आईसाठी केव्हाची बसलेलीच होती, आणि चहाच्या मशीनवर ‘बंद आहे’ असा कागद चिकटवलेला होता. म्हणजे शिक्षा आधीच सुरू झाली होती.

त्याच्या स्क्रीनवर तिचंच अपत्य होतं. साधा मजकूर दिला की त्याचे मुद्दे आणि पोटमुद्दे पाडून प्रत्येकापुढे तारीख-वेळ मांडून देणारी छोटीशी कोड-लायब्ररी तिने फावल्या वेळात लिहून सगळ्यांसाठी फुकट ठेवली होती. ती वापरणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. त्यातला एक नेमका इथे, कपाळाला आठ्या घालून.

"काय बिघडलंय?" तिने साळसूदपणे विचारलं.

"काल बाबांची गोळी राहिली. तर ‘काल राहिली’ असं दिसायला हवं ना? ही बया गुपचूप आजची तारीख टाकून मोकळी होते. जणू काही झालंच नाही."

"मुद्दाम केलंय तसं. राहिलेल्या कामांचे ढीग बघून माणूस आणखी खचतो. रोज सकाळी कोरी सुरुवात नको का?"

"मुद्दाम केलंय, हे तुम्हाला काय माहीत?"

"मीच केलंय."

त्याचे कान लाल झाले. "चहा..." तो अडखळला, "म्हणजे रस्त्यापलीकडे मिळतो. चालेल?"

चाललं. पुढच्या खेपेलाही चाललं. तो जमिनीची मोजणी करणारा सर्व्हेयर, ती दुकानांसाठी बिलांची सॉफ्टवेअर लिहिणारी. तो तिला ‘लेखिकाबाई’ म्हणू लागला, ती त्याला ‘तक्रारदार’. तुम्हीचं तू कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. दोघांनी मिळून एक फाइल केली. कोणाच्या पेशंटला कधी आत न्यायचं, डबा कोणी आणायचा, सगळं त्यात. मग त्यात हळूच एक पोटमुद्दा आला – ‘लेखिकाबाईंनी हसणे, दुपारी.’

"हे काय काम झालं?" तिने विचारलं.

"सगळ्यात महत्त्वाचं. काल राहिलं होतं... आज सरकून आलंय."

ती हसली, आणि त्याने गंभीर चेहऱ्याने त्यापुढे ‘झालं’ अशी खूण केली. इतकं सुख हॉस्पिटलच्या बाकावर मिळतं, हे तिला कोणी सांगितलं असतं तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं.

आणि मग त्याला दूरच्या शहरात बोगद्याच्या कामावर नोकरी आली. तिथे किडनी बदलण्याचं मोठं हॉस्पिटल होतं. त्याच्या बाबांचा नंबर लवकर लागला असता. इथे कधी लागेल, देव जाणे.

"जाऊ?" हॉस्पिटलच्या जिन्यात त्याने विचारलं.

"मला काय विचारतोस?"

"तुलाच विचारतोय."

"काकांचं भलं होईल."

"ते मला कळतंय. तुझं सांग. तू थांब म्हणालीस तर थांबेन."

तिच्या आईचं हृदय इतकं नाजूक की डॉक्टरांनी तिला गावाबाहेर न्यायलाच मनाई केली होती. तो गेला तर सगळं संपणार होतं. आणि थांब म्हणायचं, तर त्याच्या बाबांच्या जिवाशी खेळायचं.

"थोडा वेळ दे..."

"उत्तर द्यायची तारीख फाइलमध्ये टाकतो. तोवर सांग."

तिने ती तारीख नीट पाहिलीही नाही. आज नाही, एवढं पाहून फाइल मिटली. मग एका सकाळी दिसलं – ‘कंपनीला उत्तर: आज.’ फोन उचलला, ठेवला. दुसऱ्या सकाळी पुन्हा ‘आज’. तिसऱ्याही. आपल्यासाठीच तो रोज मुदत वाढवून घेतोय, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. त्याच्या बाबांची डायलिसिसची वेळ बदलली होती, त्यामुळे गाठही पडत नव्हती. आपल्याच हातचा कोड आपल्याला गंडवतोय, हे त्या हुशार बाईच्या ध्यानात आलं नाही. प्रेमात पडलेल्या माणसाची अक्कल गहाणच पडलेली असते.

शेवटी एकदाचा तिने निर्धार केला. स्वार्थी तर स्वार्थी. त्याच्या घरी गेली, तर दार उघडंच होतं आणि तो खोक्यांना चिकटपट्टी लावत होता.

"जाऊ नकोस," ती दारातूनच म्हणाली. "थांब. मी... तेच सांगायला आलेय."

त्याच्या हातातली पट्टी तशीच राहिली. "आत्ता?"

"आजचीच तारीख आहे ना?"

"ती कधीच होऊन गेली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तुझ्या फोनची वाट बघितली... मग कंपनीला हो कळवलं."

"पण फाइलमध्ये तर—"

"‘झालं’ अशी खूण करवेना माझ्याच्यानं." त्याने पट्टी खोक्यावर ठेवली. "ते आपोआप सरकतं, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? मला वाटलं, तुझं गप्प राहणं हेच उत्तर. आज जाता जाता बाकापाशी येणार होतो... निरोप घ्यायला."

ती एका खोक्यावर बसली. "माझं फार प्रेम आहे तुझ्यावर," ती म्हणाली.

"माहीत होतं. ऐकायचं राहिलं होतं."

"आता कंपनीला नकार नाही कळवता येणार?"

"बाबांचं नाव तिकडच्या यादीत लागलंय. आनंदाच्या भरात स्वतःचं कपाटही देऊन टाकलं त्यांनी."

"मग नको," ती म्हणाली. तिला स्वतःलाच म्हणावं लागलं. त्याने तिचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला.

आतल्या खोलीतून त्याचे बाबा काठी टेकत आले. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. "सामान खाली ने तू. मला ही उतरवेल," ते मुलाला म्हणाले.

जिन्यात त्यांनी तिचा दंड धरला. कान जड असल्यामुळे वरचं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

"एक बोलू? रागावू नकोस."

"बोला ना, काका."

"पोरगा तुझ्यासाठी थांबला असता. मला कळत होतं सगळं. रोज धास्ती वाटायची, आज ही त्याला थांब म्हणेल. पण तू तोंडातून शब्द काढला नाहीस. तुझे हे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही, पोरी."

तिने त्यांचा हात घट्ट धरला.

"सावकाश, काका," ती त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली. "अजून एक पायरी आहे."