लाल काचेतला आकडा

विश्वास ठेवा अगर ठेवू नका, पण हे घडलेलं आहे. माझ्या सख्ख्या मावशीच्या घरी, बोरिवली पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर. साल १९८५, मार्गशीर्ष महिना.

आणि रात्री नाही... भर दुपारी.

नलिनीमावशीला मूलबाळ नव्हतं. तिचे यजमान चंद्रप्रकाश औषधांच्या कंपनीत कामाला. सुट्टी असली की कॅमेरा घेऊन बसायचे. साधाच कॅमेरा, एका रोलमध्ये बारा फोटो. पण काढायचे काय? पालथ्या भांड्यांवरचं ऊन. दोरीवरची ओली साडी. कुंडीत आपसूक उगवलेलं गवत.

"अहो, या भांड्यांत काय बघता एवढं?" मावशी हसायची.

"तुला रोज दिसतं ना, म्हणून दिसत नाही," ते म्हणायचे.

एका सोमवारी ते कामावरच कोसळले. जेवणाचा डबा परत आला, ते आले नाहीत.

मावशी रडली नाही. दिवसकार्य उरकल्यावर तिने कॅमेरा कपाटात ठेवून कुलूप लावलं. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या लाल काचेत आकडा दिसत होता... पाच. म्हणजे चार फोटो काढून झालेले.

मग तिचं खाणंपिणं सुटलं. माझी आई, जयंती, तिला न्यायला गावाहून आली.

"चल गो गावाक. हय एकटी रवान काय करतलंस?"

मावशी खिडकीशी केस विंचरत होती. तेवढ्यात...

खट्ट.

पाठोपाठ... कर्र, कर्र. रोल फिरवल्याचा आवाज.

दोघींनीही ऐकला. घरात तिसरं कुणी नव्हतं. कुलूप जसंच्या तसं. मावशीने कुलूप काढून कपाट उघडलं.

लाल काचेत आकडा होता... सहा.

मावशी गावी गेली नाही. आईच राहिली.

आता रोज दुपारी तो आवाज यायचा. मावशी पोळ्या लाटताना. तांदूळ निवडताना. एकदा ती पहिल्यांदाच हमसून हमसून रडली, तेव्हाही... खट्ट.

"ते घरात आहेत गं," मावशी म्हणायची. जेवायला लागली होती. आईच्या मात्र अंगावर काटा यायचा.

आठ दिवसांनी रोल संपला.

आवाजही थांबला.

स्टुडिओवाल्या सीताराम काकांनी फोटो धुऊन दिले. "वहिनी, झकास आलेत. पण काढले कुणी?"

पहिले चार भांड्यांचे, गवताचे. पुढचे आठ मावशीचे. पिठाने भरलेले हात. केसांतून झिरपणारं ऊन. रडून लाल झालेलं नाक. इतकी सुंदर ती आम्हाला कधीच दिसली नव्हती.

केस विंचरतानाचा फोटो खिडकीच्या बाहेरून काढलेला होता.

त्या बाजूला गॅलरी नाही. खाली सरळ तीन मजले.

आणि शेवटचा... जिन्यातून. दार उघडं, आत मावशी पाठमोरी, अगदी लहान. चार पायऱ्या उतरून कुणी मागे वळून काढावा, तसा.

"म्हणजे ते गेले," मावशी म्हणाली. "मी वळून बघायला हवं होतं."

दुसऱ्याच दिवशी तिने नवा रोल घातला. रोज दुपारी दाराकडे तोंड करून बसायची. बावीस वर्षं. एकदाही आवाज आला नाही.

ती गेली त्या दुपारी मी तिच्या उशाशी होतो. दोन दिवस मिटलेले डोळे तिने अचानक उघडले... दाराकडे बघितलं... आणि पदर सारखा केला.

मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

तो रोल अजून माझ्याकडे आहे, त्याच कॅमेऱ्यात. लाल काचेतला आकडा बघायचा, रोल धुवायला टाकायचा धीर होत नाही.