रविवारचा काळा कागद

"बावीस... तेवीस..."

"चोवीस," काउंटरपलीकडून आवाज आला, आणि माझी गोळ्यांची मोजणी पार कोलमडली.

न्यूझीलंडच्या अगदी उत्तरेचं हे गाव. ऑकलंडहून पाच तासांवर. एक शाळा, कोपऱ्यावर एक डेअरी, म्हणजे इथलं वाणसामानाचं दुकान, जहाजांवर ओंडके चढवायचा धक्का आणि माझी फार्मसी. १९९६ साली इथे मराठी बोलणारी मी एकटीच, असा माझा समज होता! मान वर केली तर समोर भिजलेला रेनकोट, लालबुंद डोळे आणि अपराधी हसू.

"सॉरी हं. नाशिक सोडल्यापासून मराठीत मोजताना कुणाला ऐकलंच नव्हतं. मी शुभंकर. डोळ्यांत घालायचे ड्रॉप्स आहेत?"

"मी विनया. आहेत. पण आधी मला एकपासून मोजू द्या. तोपर्यंत गप्प बसा."

"ते मला जमत नाही."

"मग शिका."

तो शिकला नाही. नशीब माझं.

शुभंकर विद्यापीठातर्फे हवा तपासायला आला होता. धक्क्याला लागलेली जहाजं तीन-तीन दिवस इंजिन चालू ठेवून उभी राहायची आणि त्यांच्या धुराड्यांचा धूर वाऱ्याबरोबर गावावर उतरायचा. मग माझ्याकडे मुलांच्या दम्याच्या पंपांसाठी रांग. आमची नर्स हुईया दोन वर्षं कंठशोष करत होती की धक्क्याला असताना तरी स्वच्छ इंधन जाळा. पण पुरावा कुठे होता?

पुरावा गोळा करणारं यंत्र बसलं माझ्या परसात. रोज सकाळी आठला त्यातला काजळी टिपणारा गोल पांढरा कागद बदलायचा. दोन मिनिटांचं काम. शुभंकरला तासभर लागायचा.

"एवढा वेळ?" मी विचारायची.

"अचूकपणा लागतो."

"आणि दुसरा कप चहा?"

"पहिल्याची खातरजमा करायला..."

हसू दाबत मी आत पळायची. वेड लागलं होतं मला, दुसरं काय! पण सांगणार कोण? तो सहा आठवड्यांचा पाहुणा. एकदा तो सहज म्हणाला, "तीन वर्षं झाली काळ्या मसाल्याची आमटी खाऊन." सहजच म्हणाला — पण मी ऑकलंडमधल्या ओटाहुहूच्या इंडियन दुकानातून पोस्टाने दगडफूल मागवलं. घरात भाजलं तर स्मोक अलार्म बोंबलतो, म्हणून रविवारी परसात शेगडी मांडली. खोबरं, मिरच्या, सगळं काळं होईपर्यंत भाजलं. शिंकत, गुणगुणत.

सहाव्या आठवड्यात शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. अख्खं गाव आलं होतं. शुभंकरने पडद्यावर आकडे दाखवले, तोच जहाज कंपनीचा माणूस उठला.

"सगळ्यात घाण हवा चौदा एप्रिलच्या रविवारची. त्या दिवशी धक्क्यावर एकही जहाज नव्हतं! मग दोष आमचा कसा?"

शुभंकर घाईघाईने कागद चाळायला लागला. त्याचा चेहरा उतरलेला मला बघवेना.

चौदा एप्रिल... त्याच रविवारी मी मसाला भाजला होता. यंत्रापासून चार हातांवर माझी शेगडी! फार्मसिस्ट म्हणवते स्वतःला, आणि एवढी साधी गोष्ट लक्षात येऊ नये? आता गप्प बसले तर मुलं तशीच खोकत राहणार. बोलले तर... पुढचा प्रश्न मला आत्ताच दिसत होता.

मी उभी राहिले.

"तो धूर माझा. यंत्राशेजारीच मसाला भाजत होते मी. तो दिवस काढून टाका आणि मग बघा."

हशा पिकला. "एका बाईच्या स्वयंपाकाचा एवढा धूर?" कंपनीचा माणूस म्हणाला.

"तिच्या हातचं जेवला नाहीत वाटतं कधी!" हुईया तिकडून ओरडली.

शुभंकरने पेन घेतलं आणि सगळ्यांसमोर रविवारवर काट मारली. खाली उरलेला प्रत्येक काळा दिवस जहाजाचा होता. प्रत्येक. कंपनीचा माणूस हळूच खाली बसला आणि अध्यक्षबाईंनी स्वच्छ इंधनाचा ठराव मांडला. हात भराभर वर गेले.

तेवढ्यात हुईयाने डोळे मिचकावले. "पण काय गं पोरी, तू राहतेस एकटी. एवढा मसाला कुणासाठी?"

कानशिलं तापली. पण एकदा खरं बोलून झालं होतं, आता लपवायचं तरी काय?

"याच्यासाठी," मी शुभंकरकडे बोट दाखवलं.

तो भर सभेत, कुणाला कळू नये म्हणून मराठीत म्हणाला, "विनया, मला तू आवडतेस. फार आवडतेस. रोज विचारायचं ठरवून यायचो... आणि चहा पिऊन परत जायचो."

"काय म्हणतोय तो? सांग ना!" हुईयाला धीर निघेना.

माझ्या डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू.

"म्हणतोय, आज जेवायला येतो."

"फक्त आज?" तिने थेट त्यालाच विचारलं.

"नाही," शुभंकर म्हणाला. "रोज."